नजरेचे थांबे

नवरा-बायकोनं मिळून एकच वस्तू घ्यायची ठरवली की दुकानदाराचा चहा संपतो, पण त्यांचं ठरत नाही. नाशिकच्या कॉलेज रोडवर कासारबाईंचं ई-रीडरचं दुकान होतं. तिथे धात्रक पतीपत्नींचा हा तिसरा गुरुवार होता.

हेमलताला रीडर हवा होता कादंबऱ्यांसाठी. एका हातात मावणारा, आडवं पडून वाचताना नाकावर पडला तरी नाक शाबूत राहील असा. प्रभाकरला हवा होता नकाशांसाठी. धरणांचे नकाशे काढणाऱ्या कचेरीत त्याची सगळी नोकरी आरेखक म्हणून झाली होती, आणि यंदा कचेरीनं जुने नकाशे स्कॅन करून सगळ्यांसाठी खुले केले होते. टेबलाएवढा कागद तळहाताएवढ्या पडद्यावर बघायचा म्हणजे किल्लीच्या भोकातून लग्नाची पंगत बघायची, असं त्याचं म्हणणं.

"निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली. आता कसले नकाशे बघायचेत?" हेमलतानं विचारलं.

"सहज," प्रभाकर म्हणाला.

शेवटी कासारबाईंनी घडीवाला काढला. मिटला की कादंबरीएवढा, चार घड्या उलगडल्या की वर्तमानपत्राच्या पूर्ण पानाएवढा. "दोघांचंही भागेल. पंधरा दिवस घरी वापरा, नाही आवडला तर परत आणा," त्या म्हणाल्या.

हा घडीवाला काय चीज होता ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं रामायण त्यानंच घडवलं. इलेक्ट्रॉनिक कागद तसा जुना. पातळ थरात लाखो बारीक कुप्या, कुपीत काळे-पांढरे कण. वीज देऊ तसे काळे वर येतात किंवा पांढरे, आणि अक्षर उमटतं. नवीन होते ते या कुप्यांच्या मधे पेरलेले ठिपके. आपल्याला न दिसणाऱ्या प्रकाशात ते वाचणाऱ्याची बुबुळं सेकंदाला शंभरदा टिपायचे. आपल्याला वाटतं की नजर ओळीवरून सरकते. ती सरकत नाही, उड्या मारते. एक उडी, पाव सेकंदाचा थांबा, पुन्हा उडी. वाचणं होतं ते थांब्यांवर. उडी चालू असताना डोळा जवळजवळ आंधळाच असतो. शब्द अडला की थांबा लांबतो, मन अडकलं की नजर मागे फिरते.

घडीवाला हे थांबे जपून ठेवायचा. मोठ्या नकाशात माणूस हरवू नये, जिथे पुन्हा पुन्हा बघतो तो भाग आपोआप मोठा होऊन पुढे यावा, हा त्यामागचा हेतू. नजरेची ही वाट पानावर फिक्या रंगात उमटवूनही बघता येई. प्रभाकरची तांबूस काव रंगाची, हेमलताची हिरवी. अनोळखी डोळे आले तर त्यांची निळी, आणि खाली शब्द यायचा, 'पाहुणा'. घरातल्या सगळ्यांना सगळ्यांच्या वाटा दिसत. ते बंद करायची सोयही होती, पण ती शोधायला लागायची आणि धात्रकांनी शोधली नाही.

"एक लक्षात ठेवा काकू," पिशवी देताना कासारबाई म्हणाल्या. "यंत्र थांबा मोजतं, कारण मोजत नाही."

हेमलतानं ते ऐकलं आणि सोडून दिलं.

पहिले तीन दिवस मजेत गेले. चौथ्या दिवशी प्रभाकर फिरायला गेला असताना हेमलतानं कादंबरीसाठी रीडर उघडला, तर समोर त्याचा नकाशा तसाच उघडा. धरणाची भिंत, सांडवा, नदीची वळणं, आणि त्यावर काव रंगाची नजर कशी अगदी विरळ शिंपडलेली. पण खालच्या उजव्या कोपऱ्यात तिचा गडद डाग पडला होता.

त्या कोपऱ्यात प्रत्येक सरकारी नकाशाला एक चौकट असते. आरेखन कोणाचं, अनुरेखन कोणाचं, तपासलं कोणी, मंजूर कोणी केलं. डाग अनुरेखनाच्या घरावर होता. तिथे सही होती: शैलजा खैरनार. 'शै'च्या दोन मात्रा मागे कललेल्या, ऐटीत. हेमलतानं डागावर बोट ठेवलं, तेव्हा यंत्रानं प्रामाणिकपणे सांगितलं: थांबे सदतीस, सर्वांत लांब थांबा चार सेकंद.

नकाशाच्या मधोमध, एका वाडीजवळच्या आकड्यावर दुसरा एक लहानसा डाग होता. तो तिला दिसला. धरणाचं काहीतरी असेल म्हणून तिनं तो सोडून दिला. मत्सराला एका वेळी एकच गोष्ट दिसते.

संध्याकाळी चहा देताना तिनं विचारलं, "अहो, अनुरेखक म्हणजे काय हो?"

"ट्रेसर. आम्ही पेन्सिलनं नकाशा काढायचो. त्यावर पारदर्शक फिल्म ठेवून अनुरेखक तो शाईनं उतरवायचे. रेघेवर रेघ. स्वतःचं काही घालायचं नाही."

"बायका असायच्या त्यात?"

"असायच्या. का?"

"सहज," हेमलता म्हणाली.

प्रभाकरनं बशीत चहा ओतला आणि विषय बदलून गॅसच्या नळीवर नेला. बेचाळीस वर्षांच्या संसारात त्यानं गॅसच्या नळीची चौकशी कधी केली नव्हती. तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकली ती इथेच.

त्यानंतर तो रोज फिरायला गेला की ती रीडर उलगडून बसायची. त्यानं नऊ नकाशे उघडले होते. सहांवर शैलजा खैरनार होती आणि सहाही ठिकाणी कावेचा डाग होता. हेमलताची कादंबरी बाविसाव्या पानावर अडून राहिली. त्या कादंबरीत त्याच्या नजरेचा एक ठिपकाही नव्हता. आपली बायको रोज काय वाचते हे त्याला कधी बघावंसं वाटलं नव्हतं. आणि ती मात्र त्याच्या प्रत्येक थांब्यावर आपला थांबा ठेवत, रेघेवर रेघ उतरवत बसली होती. स्वतःचं काही घालायचं नाही हा नियम तेवढा तिला पाळता येत नव्हता. बाई कशी असेल, वेणी घालत असेल की अंबाडा, डबा एकत्र खात असतील का, हे सगळं ती भराभर घालत होती. वयाच्या पासष्टाव्या वर्षी आपल्याला हे शोभत नाही हे तिला कळत होतं. कळून उपयोग नव्हता. तिच्या जिवाचा तीळपापड होत होता आणि भाजीत मीठ दोनदा पडत होतं.

मग तिनं एक परीक्षा घेतली. लग्नाचा मोठा फोटो रीडरवर चढवला आणि उलगडून त्याच्यापुढे धरला. "बघा बरं, किती स्वच्छ दिसतो."

"छान," म्हणून त्यानं बघितला आणि परत दिला.

स्वयंपाकघरात जाऊन तिनं वाट उमटवली. तिच्या चेहऱ्यावर थांबा दीड सेकंद. स्वतःच्या फेट्यावर एक. मागच्या फलकावर 'शुभविवाह' लिहून खाली तारीख घातली होती, त्या तारखेवर मात्र पाच सेकंद, आणि नजर तीनदा फिरून तिथेच आलेली.

हेमलता ओट्याला टेकून उभी राहिली. माणूस आपल्या लग्नाच्या तारखेकडे असा कधी बघतो? ती चुकली असं वाटतं तेव्हा. तिला दुसरं काही सुचेना. रडू येईल असं वाटलं होतं, ते आलं नाही. राग आला, तोही त्याच्यावर कमी आणि त्या कललेल्या मात्रांवर जास्त.

दहाव्या दिवशी सकाळी प्रभाकर रीडर मांडीवर घेऊन बसला होता. त्यानं चुकून की मुद्दाम, सगळ्यांच्या वाटा एकदम उमटवल्या. हेमलता तांदूळ निवडत होती.

"हेमा, ही हिरवी तुझी ना?"

तिचे हात थांबले.

"या नकाशात खैरनारबाईंच्या नावावर माझे सदतीस थांबे आहेत. तुझे एकशे चार."

"तुम्ही बघता म्हणून बघितलं." चोरी पकडली गेल्यावर माणूस गरीब तरी होतो किंवा चढतो तरी. हेमलता चढली. "कोण होती ती तुमची?"

"कोणी नव्हती."

"सदतीस वेळा कोणी नसलेल्या बाईचं नाव बघता?"

"तेच तर सांगतोय. कोणी असती, तर मी तिच्या बाजूनं बोललो असतो."

त्यानं रीडर तिच्यापुढे सरकवला आणि वाडीजवळच्या त्या लहानशा डागावर बोट ठेवलं. आकडा मोठा होऊन वर आला. ६१६.

"हे धरण भरलं की पाणी सहाशे चौदा मीटरपर्यंत चढणार होतं," तो म्हणाला. "मोजणीच्या वहीत या वाडीची पातळी होती सहाशे तेरा. मी पेन्सिलनं लिहिली सहाशे सोळा. आपला तीन आणि आपला सहा, एकच आकडा, तोंडं उलट. हात फिरला. बाईंनी जे दिसलं ते उतरवलं. सहाशे सोळा म्हणजे पाण्याच्या वर, म्हणून वाडी उठवायच्या यादीत आलीच नाही. पुढच्या पावसाळ्यात धरण भरलं आणि एकोणीस घरांत पाणी शिरलं. माणसं निघाली वेळेवर. पण दोन वर्षं पत्र्याखाली काढली त्यांनी."

"मग?"

"चौकशी लागली. फिल्मवर शाई सांडली की आम्ही पात्यानं खरवडायचो. वरची बाजू खरखरीत झाली, तर आकडा मागच्या बाजूनं लिहायचा, उलटा, म्हणजे पुढून सुलटा दिसतो. त्या आकड्यापाशी पात्याचे ओरखडे होते. साहेबांनी ठरवलं की बाईंनी मागून लिहिताना तीन उलटवायचा विसरला, म्हणून पुढून सहा दिसला. फिल्म उलटून शाई कोणत्या बाजूला आहे ते बघायची तसदी कोणी घेतली नाही. त्या हंगामी होत्या. काढून टाकलं."

"आणि तुमचा पेन्सिलचा कागद?"

प्रभाकरनं चष्मा काढला. "तो माझ्या ताब्यात होता. चौकशीच्या आदल्या दिवशी मी सहा खोडून तीन केला."

बाहेर भाजीवाला येऊन ओरडून गेला. दोघंही उठले नाहीत.

"लग्न तीन आठवड्यांवर होतं," तो म्हणाला. "नोकरी पक्की आहे ना, एवढं एकच तुझे वडील दर भेटीला विचारायचे. नोकरी गेली असती तर त्यांनी लग्न मोडलं असतं. तुला माहीत आहे."

तिला माहीत होतं.

"आता स्कॅन खुले झाले. पेन्सिलचाही. खोडलेलं दिसतं का ते मला बघायचं होतं. लहान पडद्यावर कळत नव्हतं."

"दिसतं?"

"दिसतं. तिनाच्या मागे सहा दिसतो." त्यानं चष्मा पुन्हा लावला. "आणि तो सहा का लिहिला, तेही ऐक. आदल्या दिवशी तुला बघून आलो होतो. हात कागदावर होता आणि मन तुमच्या ओटीवर, पोह्यांच्या बशीपाशी."

बेचाळीस वर्षांत असं वाक्य त्यानं कधी म्हटलं नव्हतं. ते ऐकायला हेमलतानं काय नाही दिलं असतं, आणि मिळालं ते हे असं, एकोणीस घरांच्या पाण्यात भिजून. सवत असती तर परवडली असती, असं तिच्या मनात आलं. सवतीशी भांडता येतं. या बाईचं तर आपणच देणं लागतो, आणि आपल्याला ते कुणी सांगितलंसुद्धा नाही.

"लिहून द्या," ती म्हणाली. "कचेरीला एक, त्यांना एक. आणि त्यांचं पोस्टानं पाठवायचं नाही. हातात नेऊन द्यायचं."

त्यानं दोन दिवस घेतले. रीडरवर, पेन्सिलच्या नकाशाच्या समासातच, यंत्राबरोबर आलेल्या लेखणीनं, आरेखकाच्या त्या जुन्या सुबक अक्षरात, त्यानं सगळं लिहिलं. चूक माझी, खाडाखोड माझी, खैरनारबाईंचा दोष नव्हता. हेमलता शेजारी बसून बघत होती. शेवटी सरकारी सवयीनं त्यानं 'आपला' लिहिलं, पुढे 'विश्वासू' लिहायला लेखणी टेकवली आणि उचलली.

"काय झालं?"

"हा शब्द आता कसा लिहू?"

तो राहिला तसाच. 'आपला', आणि त्याखाली 'प्रभाकर धात्रक'.

कचेरीतल्या एका जुन्या कारकुनाकडून पत्ता मिळाला. शैलजा खैरनार येवल्याला राहत होत्या, पैठणीच्या काठांचे मोर आणि वेली चौकडीच्या कागदावर काढून विणकरांना देत होत्या. लग्न केलेलं नव्हतं. हे शेवटचं कारकुनानं न विचारता सांगितलं, आणि हेमलतानं ते न विचारता लक्षात ठेवलं.

दार उघडलं ते एका उंच, पांढऱ्या केसांच्या बाईनं. बोटांना पेन्सिलीची काजळी. तिनं प्रभाकरकडे बघितलं आणि म्हणाली, "धात्रक. वाळलात."

"या हेमलता, आमच्या..." प्रभाकर म्हणाला.

"ओळखलं. बसा."

हेमलतानं रीडर उलगडून त्यांच्या कामाच्या टेबलावर पसरला. शैलजाबाईंनी चष्मा बदलला, दोन्ही हात टेबलावर टेकले, आणि नकाशा वाचावा तशा उभ्यानं वाचू लागल्या. हेमलता त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होती. चेहऱ्यावर काहीही हललं नाही. वाचून झाल्यावर त्यांनी पान मिटलं नाही. तसंच समोर राहू दिलं.

"सहा होता तुमच्या कागदावर," त्या म्हणाल्या. "मला तेव्हाच माहीत होतं. शाई माझी पुढच्या बाजूला होती."

"मग बोलला का नाहीत?" प्रभाकरचा आवाज चिरकला. "फिल्म उलटा म्हणायचं. एका मिनिटात सुटला असतात."

"अनुरेखकानं विचारायचं नसतं. दिसतं ते उतरवायचं." मग त्या हेमलताकडे वळल्या. "आणि यांच्या लग्नाच्या पत्रिका वाटून झाल्या होत्या. कचेरीच्या पत्रिकांवर नावं मीच घातली होती, अक्षर चांगलं म्हणून. लिंबू सरबत चालेल ना?"

सरबत झालं. वाडीच्या लोकांविषयी बोलणं झालं. त्यांतले काही पुढे येवल्याजवळच वसले होते आणि शैलजाबाई त्यांना ओळखत होत्या. निघताना प्रभाकरनं हात जोडले. त्यांनीही जोडले. एका मोराचा तुरा चुकला होता, तो खोडायला त्या परत टेबलाकडे गेल्या.

परतीच्या बसमध्ये प्रभाकर खिडकीला डोकं टेकून झोपला. कित्येक वर्षांत तो असा गाढ झोपला नव्हता. हेमलतानं मांडीवर रीडर घेतला. उघडू नये हे तिला कळत होतं. तिनं उघडला.

निळी वाट उमटली. खाली शब्द होता, 'पाहुणा'.

आकड्यावर थांबा अर्धा सेकंद. 'चूक माझी' यावर त्याहून कमी. 'दोष नव्हता' यावरून तर नजर उडी मारून पुढे गेली होती. सगळ्या समासावर निळा रंग पातळ, पावडर उडवल्यासारखा. आणि तळाशी एकाच शब्दावर तो गडद होऊन बसला होता. थांबे एकोणतीस. सर्वांत लांब अकरा सेकंद.

'आपला.'

यंत्र थांबा मोजतं, कारण मोजत नाही. हेमलतानं हे स्वतःला दोनदा बजावलं. म्हातारीची नजर असेल, अडली असेल, 'विश्वासू' कुठे गेला म्हणून शोधत असेल. एवढं सगळं तिनं मनाशी मांडून बघितलं, आणि तरी तो मत्सर आला. पहिल्यासारखा जळजळीत नाही. जड, आणि या खेपेला खरा. त्या बाईनं एका शब्दानं सुटता आलं असतं तेव्हा तोंड मिटून आपली नोकरी जाऊ दिली. बदल्यात काही मागितलं नाही, पत्रिकेवर नाव घालून मोकळी झाली. आपण काय दिलं? आपण संसार केला, आणि त्याचा मोबदला रोज वसूल केला. शेजारी तो घोरत होता. त्याला यातलं काही माहीत नव्हतं, आणि माहीत झालं तर तो पुन्हा कधी असा झोपणार नाही हे तिला स्वच्छ दिसत होतं. तेवढ्यासाठीच सांगायचं नाही, असंही नव्हतं. त्याच्या नजरेनं पुन्हा त्या कललेल्या मात्रांपाशी जाऊन थांबावं, हे तिला नको होतं.

तिनं पुसण्याची खूण दाबली. 'पाहुण्याची वाट कायमची पुसायची?' यंत्रानं विचारलं. तेवढ्या वेळात त्या शब्दावर तिची स्वतःची हिरवी नजरही साचली होती. तिनं दोन्ही पुसल्या.

दुसऱ्या दिवशी पंधरा दिवसांची मुदत संपत होती. कासारबाईंनी परत घेण्याचा अर्ज काढला. "कारण काय लिहू काकू?"

"जड आहे."

कासारबाईंनी घडीवाला हातात तोलून बघितला. "अहो, वहीपेक्षा हलका आहे हा."

"असू दे. जड आहे, असं लिहा."

तिनं लहान रीडर घेतला, सगळ्यांत साधा. त्याला कोण बघतं, कुठे बघतं, काही कळत नव्हतं. प्रभाकरनं हरकत घेतली नाही. कचेरीचा अर्ज सकाळीच देऊन झाला होता आणि नकाशे बघण्याचं कारण आता उरलं नव्हतं.

रस्ता ओलांडताना तो म्हणाला, "खैरनारबाईंची नजर कुठे थांबली होती गं? बघायचंच राहून गेलं."

"आकड्यावर," हेमलता म्हणाली.

"सहावर की तिनावर?"

"तिनावर."

त्यानं मान हलवली. बरंच वाटलं असावं त्याला. मग पिशवी घ्यायला त्यानं हात पुढे केला. पिशवी हलकीच होती, पण तिनं ती दिली नाही.